वर्गात मुलं बोलतात, पण अभ्यासाचं बोलतात का?

एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणणारा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेरीस तो मागेही घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत शाळेतल्या भाषेवर महाराष्ट्रात जेवढं बोललं गेलं, तेवढं एरवी कित्येक वर्षांत बोललं जात नाही. हिंदी हवी की नको, इंग्रजी कधीपासून, सेमी घ्यावं की नाही. सगळी भांडणं कोणती भाषा यावरची. ज्या भाषेत शाळा भरते त्या भाषेत मुलाला विज्ञान, गणित, इतिहास धडपणे बोलता येतो का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

सोलापुरात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, बऱ्याच मोहल्ल्यांत दख्खनी उर्दू, आणि मराठी म्हणावी तर तीही पुस्तकातली नव्हे, सोलापुरी. मराठी शाळेत या सगळ्या पोरांसमोर पुस्तक एकच येतं, आणि त्याची भाषा यांपैकी कुणाच्याच घरात बोलली जात नाही.

अभ्यासाची भाषा म्हणजे नक्की काय?

शिक्षणशास्त्रात तिला शैक्षणिक भाषा म्हणतात. आपण अभ्यासाची भाषा म्हणू. एखादी गोष्ट का घडते, कशावरून म्हणता, दोन गोष्टींत फरक काय, हे समोर नसलेल्या माणसालाही कळेल असं मांडण्याची भाषा, इतकाच तिचा अर्थ.

समजा, सातवीच्या वर्गात बाईंनी विचारलं, माठातलं पाणी गार का होतं? एक मुलगा उठून सांगतो, "मडक्याला बारीक बारीक भोकं असतेत बाई. त्यातनं पाणी झिरपतंय. वारं लागलं की गार पडतंय." गाईडमध्ये 'शास्त्रीय कारणे लिहा' या सदरात साधारण असं उत्तर सापडतं: 'माठ सच्छिद्र असल्याने त्यातून पाझरणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होते. त्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून शोषली जाते. त्यामुळे आतील पाण्याचे तापमान कमी होते.'

मुलाचं उत्तर चूक आहे का? मुळीच नाही. भोकं, झिरपणं, वारा, तिन्ही गोष्टी त्यानं स्वतः पाहिल्या आहेत, आणि गाईडमध्ये तर वाऱ्याचा पत्ताच नाही. पण त्याच्या उत्तरात एक दुवा निसटलाय. वारं लागून सुकतं ते बाहेरचं पाणी. मग आतलं का गार व्हावं? गाईडमधल्या 'त्यासाठी लागणारी उष्णता' एवढ्या तुकड्यानं तो दुवा पकडलाय. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून जाते.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलगा 'झिरपतंय', 'गार पडतंय' म्हणतो, म्हणजे घडणाऱ्या गोष्टी सांगतो. पुस्तक त्या घडण्याला नाव देतं, बाष्पीभवन. नाव मिळालं की त्याबद्दल पुढचा प्रश्न विचारता येतो: बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो? हवा कोरडी असेल तर तो वाढतो. म्हणून सोलापूरच्या एप्रिलात माठ चांगलं गार पाणी देतो आणि कोकणातल्या दमट हवेत तसाच माठ फिका पडतो. 'गार पडतंय' एवढ्यावर थांबलेल्या पोराला कोकणापर्यंत पोचायला वाटच राहत नाही.

तिसरं म्हणजे, अंगणात माठ समोर असतो. 'हे असं', 'तिथनं' म्हणत बोट दाखवलं की भागतं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ते बोट दिसत नाही.

अवघड शब्द पाठ केले की झालं?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. शाळेत भेटणारे शब्द ढोबळमानाने तीन प्रकारचे. एक रोजचे: पाणी, वारा, गार. दुसरे विषयाचे: बाष्पीभवन, अपूर्णांक, घटनासमिती. यांची व्याख्या पुस्तकात ठळक छापलेली असते आणि शिक्षकही ती फळ्यावर लिहून देतात. तिसरे मात्र बेवारस: अवलंबून असणे, प्रमाण, घटक, तुलनेने, वगळता, किमान, निष्कर्ष, अनुक्रमे. ते प्रत्येक विषयात येतात, म्हणून कुठल्याच विषयाचा शिक्षक ते शिकवत नाही.

'राम आणि श्याम या भावांची वये अनुक्रमे १२ आणि १५ वर्षे आहेत' या वाक्यात गणित काहीच नाही. पण 'अनुक्रमे' अडलं की मोठा कोण, धाकटा कोण, इथूनच गाडी घसरते. '३ ने जास्त' आणि '३ पट' यांतला गोंधळ तर सातवी-आठवीतही दिसतो. ४ पेक्षा ३ ने जास्त म्हणजे ७, आणि ४ च्या ३ पट म्हणजे १२. पोराला बेरीजही येते आणि गुणाकारही येतो. कोणतं करायचं तेवढं वाक्यातून कळत नाही, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, 'गणितात लक्ष द्यावे'.

पण पोरगं तर फाडफाड मराठी बोलतं!

बोलतं ना. पूर्व भागातलं तेलुगू घरातलं लेकरू बालवाडीत गप्प असतं आणि दुसरीला येईपर्यंत मैदानावर मराठीत भांडायला लागतं. शिक्षकांना वाटतं, भाषेचा प्रश्न मिटला. पाचवी-सहावीत तेच लेकरू इतिहासात, विज्ञानात मागं पडतं तेव्हा 'अभ्यास करत नाही' हे कारण आयतं सापडतं.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. परभाषेतून शिकणाऱ्या मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत येते, तर दुसरीत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. हे आकडे तिथल्या स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांवरून आलेले आहेत, ते सोलापूरला जसेच्या तसे लावू नयेत. पण मैदानावरच्या मराठीवरून वर्गातल्या मराठीचा अंदाज बांधू नये, एवढं तरी त्यातून नक्की घ्यावं. आणि घरी मराठीच बोलणारी मुलंही यातून सुटत नाहीत. त्यांची अडचण फक्त लवकर दिसत नाही.

वर्गात बोलतं कोण?

कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यातून चालत गेलात तर हे ऐकू येईल.

"पृथ्वी सूर्याभोवती…?"

"फिऽऽरते!"

"आणि चंद्र पृथ्वीभोवती…?"

"फिऽऽरतो!"

"समजलं का?"

"होऽऽ!"

वाक्य बाईंचं, शेवटचा शब्द मुलांचा. याच्या जरा वरच्या पायरीवर प्रश्न, एका मुलाचं दोन शब्दांचं उत्तर आणि 'शाबास, बस खाली'. वर्गातल्या बोलण्याचा हा साचा अमेरिकेत ह्यू मेहान यांनी १९७९ मध्ये नोंदवला होता, तेव्हा हे काही आपल्याच शिक्षकांचं पाप नाही. मुलांनी कालचं वाचलंय का, हे चाचपायला तो बरा आहे. पण पूर्ण वाक्य जुळवण्याची, त्यात 'कारण' आणि 'म्हणून' वापरायची वेळ मुलावर त्यात कधी येतच नाही. मग चाचणीत अचानक 'सविस्तर उत्तर लिहा' म्हटल्यावर ते काय लिहिणार? जे तोंडातून कधी निघालं नाही ते पेनातून निघत नाही. निघतं ते गाईडमधलं पाठांतर.

साधा हिशेब करा. तास ३५ मिनिटांचा, मुलं ५०. शिक्षकानं तोंडच उघडलं नाही आणि पोरं एकेक करून बोलली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४२ सेकंद येतात. तेच जोड्या लावून चार मिनिटं बोलायला दिलं, तर एका वेळी २५ तोंडं चालतात आणि प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. आधी स्वतः विचार, मग जोडीदाराशी बोलणं, मग वर्गाला सांगणं, ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. साहित्य शून्य लागतं.

दुसरा फुकटचा उपाय म्हणजे थांबणं. मेरी बड रो या संशोधिकेला अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत असं दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हेच थांबणं तीन सेकंदांच्या पुढं नेलं तेव्हा उत्तरं लांब झाली, आधार देऊन बोलणं वाढलं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पन्नास पोरांसमोर गप्प उभं राहून बघा, किती लांब असतात ते कळेल.

मग शिकवायचं कसं?

पुन्हा माठाकडं येऊ. मुलगा म्हणाला, भोकं असतेत, झिरपतंय, वारं लागलं की गार पडतंय. इथं 'असतेत नाही, असतात म्हण' असं सुरू केलं की विचार तिथंच संपतो आणि पुढच्या वेळी ते पोरगं हात वर करत नाही. त्याऐवजी बाई म्हणतात, "म्हणजे तुझं म्हणणं असं की पाणी माठाच्या भिंतीतून पाझरतं आणि बाहेर आलं की वाऱ्यानं त्याचं बाष्पीभवन होतं. बरोबर सांगतेय का मी?" विचार त्याचाच, शब्द नवा, आणि तो शब्द आला तो विचार येऊन गेल्यावर. 'बरोबर का' हा प्रश्न शोभेचा नव्हे. मुलाला 'नाही बाई, मला तसं नव्हतं म्हणायचं' म्हणायची मुभा हवी.

आता मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज येतो, "मग फ्रीजच्या बाटलीला बी बाहेरनं पाणी येतंय की! ती काय झिरपती का?"

हा प्रश्न म्हणजे लॉटरी आहे. इथं बाईंनी उत्तर देऊन टाकलं तर ती वाया गेली. त्यांनी वर्गाला विचारावं, हिचं म्हणणं कोण आपल्या शब्दांत सांगेल? पटतं का? नाही पटत तर कशावरून? कुणीतरी सुचवेल की बाटलीत लाल सरबत भरून ठेवू, बघू थेंब कसले येतात. दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी सांगेल, "बाटलीत लाल सरबत होतं, पण बाहेरचे थेंब बिनरंगाचे आहेत. म्हणजे ते आतून आले नाहीत." या वाक्यात जड शब्द एकही नाही. पण निरीक्षण आहे, तुलना आहे, निष्कर्ष आहे, म्हणून ते शंभर टक्के अभ्यासाच्या भाषेतलं. हवेतल्या बाष्पाचं संघनन हा शब्द आता सांगितला तर तो ठेवायला मुलीकडं जागा तयार असते.

मूल स्वतःहून असं बोलणार नाही, निदान सुरुवातीला नाही. म्हणून वाक्यांचे साचे भिंतीवर लावतात: 'मला असं वाटतं, कारण…', 'तिच्या म्हणण्यात मला भर घालायची आहे', 'मी याच्याशी सहमत नाही, कारण…', 'याला आधार असा की…', 'हे … वर अवलंबून आहे'. स्लॅब टाकताना खालून सेंट्रिंग लावतात तसं हे काम आहे. काँक्रीट ओलं असताना त्याशिवाय चालत नाही, आणि एकदा धरल्यावर काढलं नाही तर त्या खोलीत राहता येत नाही. काही वर्गांत ही वाक्यं वर्षानुवर्षं भिंतीवर राहतात आणि पोरं 'मी सहमत आहे, कारण मी सहमत आहे' म्हणून मोकळी होतात. ते काढायची वेळ टळून गेल्याचं लक्षण.

यांतलं 'मी सहमत नाही' हे वाक्य आपल्याकडं सगळ्यात अवघड जातं. 'उलट बोलू नये' हे घरात पक्कं शिकवलेलं असतं, मुलींना तर जास्तच. मतभेद सभ्यपणे कसा सांगायचा याचं ठरलेलं वाक्य हाताशी असलं की उद्धटपणाची भीती कमी होते, आणि आक्षेप माणसावर न जाता म्हणण्यावर जातो.

प्रत्येक विषयाची तऱ्हाही वेगळी. इतिहासाच्या तासाला विचारा, १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ का लागला? पहिलं उत्तर येईल, "गांधीजींना पकडलं म्हणून." खरं आहे, पण अर्धं. मे १९३० च्या सुरुवातीला गांधीजींना अटक तर देशभर जाणवली, मार्शल लॉ सोलापुरातच का? मग गिरण्या येतात, गिरणी कामगार येतात, ८ मेचा गोळीबार आणि त्यानंतर पेटलेल्या पोलीस चौक्या येतात, आणि १२ मेला लागू झालेला लष्करी कायदा येतो. इथं मुलाला 'तात्कालिक कारण' आणि 'मूळ कारण' हे वेगळं करून बोलावं लागतं. शिवाय इंग्रज सरकारच्या लेखी ती दंगल होती आणि गावाच्या लेखी लढा, तेव्हा 'हे कोण सांगतंय?' हा प्रश्न विज्ञानापेक्षा इथं मोठा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. या चौघांच्या स्मारकापाशी, म्हणजे चार पुतळ्यांपाशी, रोज रिक्षा बदलणाऱ्या मुलांना ही नावं ठाऊक असतात. कार्यकारणाची साखळी मात्र बोलून जुळवावी लागते.

यात बोलीचा गळा घोटला जात नाही का?

हा आक्षेप वजनदार आहे. १९६९ मध्ये विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीचे नमुने देऊन दाखवलं की त्या बोलीत तर्क चोख चालतो, शाळेला तो ऐकू येत नाही इतकंच. अलीकडं नेल्सन फ्लोरेस यांच्यासारखे अभ्यासक त्याही पुढं जातात. अभ्यासाची भाषा अशी काही वेगळी वस्तूच नाही, ऐकणारा ज्याला कमी लेखतो त्याचं बोलणं त्याला कमअस्सल वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

मला हे निम्मं पटतं. 'असतेत' ऐकताच पुढचं ऐकणं बंद करणारे शिक्षक आहेत, आणि तिथं दोष पोराच्या जिभेत नाही. माठाचं उत्तर सोलापुरीतही पूर्ण देता येतं: "वाफ व्हायला ऊब लागती, ती आतल्या पाण्यातनं घेतीया, म्हणून आतलं गार पडतंय." दुवा पूर्ण आहे, ही अभ्यासाचीच भाषा. पण पुस्तक, परीक्षा, पुढं कोर्टातला आणि बँकेतला कागद प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत येतो, तो उद्या बदलणार नाही. तोवर बोलीत विचार पक्का करून मग लिहिताना प्रमाण रूप, हा क्रम मला प्रामाणिक वाटतो. मध्येच बोली पुसणं नको, आणि बोलीच्या कौतुकापायी पोराला कागदापासून लांब ठेवणंही नको.

पोर्शन कधी संपवायचा?

रोज चर्चा करा असं कुणीच म्हणत नाही. एका घटकाला एक चांगला प्रश्न पुरे. चांगला म्हणजे ज्याचं उत्तर एका शब्दात संपत नाही असा. आवाज होतो, शेजारच्या वर्गाला त्रास होतो, हेही खरं. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवावं, कारण आपल्याकडं शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही समजूत फार खोल आहे.

सेमी आणि इंग्रजी माध्यमात काय करायचं?

तिथं ओझं दुप्पट. मूल 'इव्हॅपोरेशन'चं स्पेलिंग घोकतं, त्यावर वाक्य मात्र कुठल्याच भाषेत बोलत नाही. कमिन्स यांचा दुसरा मुद्दा इथं कामाचा आहे: एका भाषेत पक्की झालेली संकल्पना दुसऱ्या भाषेत पुन्हा शून्यापासून शिकावी लागत नाही. म्हणून जोडीतलं बोलणं तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत होऊ द्यावं आणि वर्गासमोर सांगताना माध्यमाची भाषा धरावी. बाईंना तेलुगू येत नसेल तर पोरं गप्पाच मारतील, ही शंका रास्त आहे. त्यावर तोड अशी की प्रत्येकानं जोडीदाराचं म्हणणं सांगायचं, स्वतःचं नाही. मग ऐकावंच लागतं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत, जमेल तिथं, घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवावं असंच म्हणतं.

घरी शिकलेलं कुणी नसेल तर?

टॉवेलच्या कारखान्यात बारा तास काढून आलेल्या बापाला किंवा बिड्या वळणाऱ्या आईला बाष्पीभवन ठाऊक असायची गरज नाही. पोरानं काही सांगितलं की 'कशावरून?' एवढं विचारता येतं, कुठल्याही भाषेत. दुसरा चांगला सराव म्हणजे फोन. हैदराबादच्या मामाला स्टेशनपासून घरापर्यंतची वाट सांग, नाहीतर नवा खेळ कसा खेळायचा ते समजाव, असं पोराला सांगावं. समोरच्याला दिसत नसतं, त्यामुळं आधी काय, मग काय, कुणाच्या डाव्या हाताला, सगळं शब्दांत आणावं लागतं. व्हिडिओ कॉल मात्र नको. तिथं पोरं कॅमेरा फिरवतात आणि 'हे बघ' म्हणून मोकळी होतात.